बंदूक खाली ठेवली. आता तरुणांच्या हाती कारभार द्या

१ जानेवारी २०२५ रोजी गडचिरोली जिल्ह्यातल्या वांगेतुरी–गर्देवाडा मार्गावर एसटी धावली. स्वातंत्र्यानंतर पहिल्यांदा. त्याच दिवशी माओवादी चळवळीत कित्येक दशकं काढलेली तारक्का दहा साथीदारांसह शरण आली. पुढे ऑक्टोबरात तिचा पती आणि माओवादी पक्षाच्या सर्वोच्च नेत्यांपैकी एक असलेला मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती साठ जणांना घेऊन गडचिरोलीत आला आणि त्यांनी शस्त्रं खाली ठेवली. चाळीस वर्षं भूसुरुंगांचे आवाज ऐकलेल्या जिल्ह्यासाठी हे वर्ष मोठं होतं.

आनंद जरूर मानावा. पण खरं काम इथून पुढे आहे. शरण आलेला माणूस परतला. मात्र पंधराव्या-सोळाव्या वर्षी गाव सोडून जंगलात जावं असं त्याला का वाटलं, हा प्रश्न अजून गावातच बसून आहे. त्याचं उत्तर दिलं नाही, तर काल एका झेंड्याखाली गेलेली पोरं उद्या दुसऱ्या झेंड्याखाली जातील. आणि हे उत्तर गावातल्या तरुण पोरापोरींना बाजूला ठेवून ना पोलीस देऊ शकतील, ना मंत्रालय.

ही पोरं गेली कशी, ते आधी नीट समजून घेऊ. १९८० च्या सुमारास गोदावरी ओलांडून नक्षलवादी सिरोंच्याच्या जंगलात उतरले, तेव्हा गडचिरोली हा वेगळा जिल्हाही नव्हता. तो चंद्रपूरमधून निघाला २६ ऑगस्ट १९८२ रोजी. माडिया-गोंड माणसाच्या दारात सरकार म्हणून जो यायचा, तो बहुतेक वेळा वनखात्याचा गार्ड असायचा. घरासाठी लाकूड तोडलं की गुन्हा. पिढ्यान्‌पिढ्या ज्या जंगलावर पोट भरलं, त्यातच चोर ठरण्याची पाळी. तेंदूपत्त्याच्या पुड्याला काय मजुरी द्यायची ते कंत्राटदार ठरवणार, बांबू कापायचे पैसे मिळतील तेवढे घ्यायचे. नक्षलवाद्यांनी या दुखऱ्या जागेवर बोट ठेवलं. मजुरी वाढवून दिली, गार्डचा जाच थांबवला, आणि हे सगळं गोंडीत बोलून केलं. गावाची भाषा त्यांनी शिकून घेतली. कचेरीने ती शिकली नव्हती.

त्याहून महत्त्वाची गोष्ट त्यांनी केली, ती म्हणजे प्रत्येक तरुणाला काम दिलं. लहान मुलांसाठी बाल संघटन, गावात राहणाऱ्यांसाठी संगम, पुढे दलम म्हणजे सशस्त्र तुकडी. ज्याच्या गळ्यात सूर होता, त्याला चेतना नाट्य मंचात जागा. ज्या मुलीला गावच्या बैठकीत तोंड उघडायची मुभा नव्हती, तिला वर्दी मिळाली, जबाबदारी मिळाली, उद्या कमांडर होशील हा शब्द मिळाला. मार्क्स आणि माओ वाचून जंगलात गेलेले थोडे. कुणीतरी आपलं नाव विचारलं, आपल्यावर विश्वास टाकला, आपल्यावाचून अडेल असं सांगितलं, म्हणून गेलेले फार.

मग त्या विश्वासाचं काय झालं? लग्न करायचं तर पुरुषाने आधी नसबंदी करून घ्यायची, असा दलमचा नियम निघाला. शरण आल्यावर नसबंदी उलटवणारी शस्त्रक्रिया करून घेऊन आईबाप झालेली जोडपी आज गडचिरोलीत आहेत. त्यांना विचारा, काय हिरावलं गेलं होतं. ज्यांच्यासाठी लढतो म्हणायचं, त्याच आदिवासींना 'पोलिसांचा खबरी' ठरवून रात्री घरातून ओढून नेलं गेलं. रस्ता बांधणारी यंत्रं जाळली गेली, आणि दवाखान्यापर्यंत बाळंतिणीला खाटेवरून न्यायची पाळी गावावरच राहिली.

मेलेल्यांचे आकडेही समोर ठेवू. २००९ या एकाच वर्षात मरकेगावला १५, हत्तीगोट्याला १६ आणि लाहेरीला १७ पोलीस मारले गेले. १ मे २०१९ रोजी, महाराष्ट्रदिनी, जांभुळखेड्याच्या स्फोटात १५ जवान आणि त्यांचा वाहनचालक गेला. दुसऱ्या बाजूला एप्रिल २०१८ मध्ये बोरिया–कसनासूरसह दोन चकमकींत मिळून ४० माओवादी ठार झाले, नोव्हेंबर २०२१ मध्ये मर्दिनटोल्याच्या जंगलात २६. हे आकडे बाजू पाहून वाचू नका, वय पाहून वाचा. पोलिसांच्या सी-६० पथकातला जवान याच मातीतला, दलममधला सदस्यही याच मातीतला. दोघांची बोली एक, सण एक, देव एक. मारणारा तरुण, मरणारा तरुण. आणि लढाई कुठे, कधी, कुणाच्या जिवावर लढायची ते ठरवणारे पन्नाशी-साठी उलटलेले. हिंसेने तरुणांना कधीच सत्तेत वाटा दिला नाही. तिने त्यांना फक्त आघाडीवर उभं केलं.

आता आपल्याकडे पाहू. आपण, म्हणजे लोकशाही मानणारा समाज, या तरुणाला कोणती जागा देतो? सरकारी कागदात त्याच्यासाठी दोनच रकाने आहेत: संशयित आणि लाभार्थी. जंगलातून येताना दिसला तर संशयित. मेळाव्यात रांगेत उभा राहिला तर लाभार्थी. पोलिसांच्या 'दादालोरा खिडकी'सारख्या उपक्रमातून हजारो लोकांना दाखले मिळाले, योजना मिळाल्या, भरतीचं मार्गदर्शन मिळालं, हे मोलाचं आहे. ते कमी लेखू नये. पण दाखला मिळालेला तरुण आणि गावाचा निर्णय घेणारा तरुण यांत मोठं अंतर आहे. शिलाई मशीन द्या, क्रिकेटचे सामने भरवा, सहल काढा; त्याच्या मताला किंमत मिळाली नाही, तर ते देणं वरवरचंच राहील.

कायदा काय म्हणतो? अठरा वर्षं पूर्ण झालेला प्रत्येक मतदार ग्रामसभेचा सदस्य आहे. एकविसाव्या वर्षी तो पंचायतीची निवडणूक लढवू शकतो. वनहक्क कायद्याखाली गावाची जी समिती होते, तिच्यात दहा ते पंधरा सदस्य असतात, दोन तृतीयांश आदिवासी आणि किमान एक तृतीयांश महिला असाव्यात असा नियम आहे. तरुणांसाठी मात्र एकही जागा राखलेली नाही. नियम नाही म्हणून अडलं आहे, असंही नाही. ग्रामसभेने उद्या ठराव केला, तर परवा तीन जागा तीस वर्षांखालच्यांना देता येतात. कमतरता कायद्याची नाही, मोठ्यांच्या मनाची आहे.

आणि हा विचार काही बाहेरून आणायला नको. गोंड समाजात गोटुल आहे. गावातली अविवाहित मुलंमुली तिथे जमत, गाणी शिकत, नाच शिकत, गावाच्या कामाची वाटणी करत, आपापसातली भांडणं सोडवत. तरुण हा समाजाचा जबाबदार घटक आहे, त्याला जबाबदारी शिकवायची तर त्याच्या हाती काही सोपवावं लागतं, हे शहाणपण या जंगलाला शाळा येण्याआधी माहीत होतं. एटापल्ली, भामरागड भागात गोटुलं अजून उभी आहेत. धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने गोंडी माध्यमाची शाळा काढली, तीही गोटुलाचं नाव घेऊनच. जगाला हे कळायला ९ डिसेंबर २०१५ उजाडावं लागलं. त्या दिवशी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक २२५० संमत केला. १८ ते २९ वयाच्या तरुणांना शांततेच्या आणि हिंसा रोखण्याच्या निर्णयांत सहभागी करून घ्या, असं सदस्य देशांना बजावलं. म्हणजे न्यूयॉर्कच्या सभागृहातलं आजचं शहाणपण आणि भामरागडच्या गोटुलातलं जुनं शहाणपण एकच गोष्ट सांगतं. मग अडतं कुठे?

अडत नाही, हे मेंढा (लेखा) गावाने दाखवून दिलं आहे. धानोरा तालुक्यातलं हे छोटं गोंड गाव. १९८० च्या दशकात याच भागात धरणांविरुद्ध जंगल वाचवण्याचं आंदोलन उभं राहिलं. त्यातून तापलेली माणसं दोन दिशांनी जाऊ शकत होती. मेंढ्यातल्या देवाजी तोफा यांच्यासारख्या तेव्हाच्या तरुणांनी गावातच अभ्यासगट काढला. मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारख्या कार्यकर्त्याला सोबत घेऊन कायदे वाचले, सर्वांच्या संमतीशिवाय निर्णय घ्यायचा नाही असं ठरवलं आणि 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' अशी घोषणा दिली. २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क या गावाला मिळाला. एप्रिल २०११ मध्ये स्वतःचा बांबू स्वतः विकण्याचा अधिकारही मिळाला. पुढे कोरची तालुक्यात नव्वदच्या आसपास ग्रामसभांनी एकत्र येऊन महाग्रामसभा केली; तेंदूपत्त्याचे व्यवहार लोक स्वतः ठरवू लागले आणि त्यात बाया पुढे आल्या. बंदुकीने चाळीस वर्षांत एका माणसाच्याही नावावर जंगलाचा पट्टा करून दिला नाही. ग्रामसभेने तो मिळवून दिला. हा इतिहास गडचिरोलीतल्या प्रत्येक शाळेच्या फळ्यावर लिहिला पाहिजे.

तरुणांवर विश्वास टाकण्याची परंपराही याच भागातली आहे. बाबा आमट्यांनी सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीत देशभरातली पोरं बोलावली आणि त्यांच्या हाती कुदळ दिली. २३ डिसेंबर १९७३ रोजी हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, तेव्हा प्रकाश आणि मंदाकिनी आमटे पंचविशीच्या घरातले डॉक्टर होते. १९८५ च्या डिसेंबरात पंजाब दहशतीने पोळत असताना सत्तरी ओलांडलेले बाबा दुखऱ्या पाठीनिशी 'भारत जोडो' यात्रेला निघाले. सोबत शंभराहून अधिक तरुण-तरुणी कन्याकुमारीपासून काश्मीरकडे सायकली हाकत होते. द्वेषाला उत्तर द्यायला त्यांनी भाषणं करणारे पुढारी निवडले नाहीत, पोरंपोरी निवडल्या. अभय आणि राणी बंग यांनी २००६ मध्ये सुरू केलेला 'निर्माण' हा उपक्रमही तरुणाला आपल्या आयुष्याचा अर्थ समाजात शोधायला लावतो. वाट पडलेली आहे. तिच्यावरून चालणारे वाढायला हवेत.

हा प्रश्न फक्त जंगलाचा आहे असं समजून पुण्या-मुंबईच्या वाचकाने हा लेख बाजूला ठेवू नये. २०१४ मध्ये कल्याणचे चार तरुण घरातून निघून इराकमध्ये 'इसिस'कडे गेले. त्याच्या आदल्या वर्षी, २० ऑगस्ट २०१३ रोजी, पुण्यात सकाळी फिरायला निघालेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांवर गोळ्या झाडल्या गेल्या. फेब्रुवारी २०१५ मध्ये कोल्हापुरात कॉम्रेड गोविंद पानसरे यांच्यावर. दाभोलकर खटल्यात १० मे २०२४ रोजी न्यायालयाने गोळ्या झाडणाऱ्या दोघांना जन्मठेप दिली. झेंडे वेगळे, धर्म वेगळे, घोषणा वेगळ्या. पोराला ओढून घेण्याची रीत मात्र एकच. आधी त्याचं दुःख ऐकून घ्यायचं. मग त्या दुःखाला एक शत्रू दाखवायचा. मग जुने मित्र, घर, शिक्षक यांच्यापासून तोडायचं. आणि शेवटी एक काम सोपवायचं.

या वाटेवर पाऊल पडलेलं सर्वांत आधी कुणाला दिसतं? दहशतवादविरोधी पथकाला नाही, आईबापालाही नाही. दिसतं ते खोलीतल्या सोबत्याला, कट्ट्यावरच्या मित्राला, वर्गातल्या मैत्रिणीला. तो हल्ली बोलत नाही, कालपर्यंत ज्याच्या डब्यातलं खाल्लं त्याला शिव्या देतो, रात्रभर फोनवर काय बघतो ते दाखवत नाही, हे त्यांनाच कळतं. पण ते सांगणार कुणाला? पोलिसांकडे गेलं तर मित्राचं आयुष्य उद्ध्वस्त होईल ही भीती. गप्प बसलं तर कुणाचा तरी जीव जाईल ही भीती. या दोन भीतींच्या मधे एक दार हवं, आणि ते आपण आजवर बांधलेलं नाही. प्रत्येक महाविद्यालयात, वसतिगृहात, मोहल्ल्यात, मंडळात विश्वासातल्या चार माणसांचा गट हवा. त्यात निम्मे तरुणच हवेत. बोलून, भांडून, सोबत बसून पोराला मागे आणणं हे त्यांचं काम. कट शिजतोय असं कळलं, तर मात्र एक तासही न दवडता पोलिसांना कळवणं, हेही त्यांचंच काम.

तरुण हे करू शकतात याचा पुरावा महाराष्ट्राने पाहिला आहे. दाभोलकरांच्या खुनानंतर दर महिन्याच्या वीस तारखेला कार्यकर्ते, जिथे त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, त्याच पुलावर जमत राहिले. कुणी दगड उचलला नाही. त्यांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या तरुणांनी अतुल पेठे यांच्यासारख्या रंगकर्मीसोबत रिंगणनाट्यं बसवली आणि चौकाचौकांत, गावोगावी लोकांसमोर उभं राहून विवेकाची बाजू मांडली. ज्यांना धडकी भरावी म्हणून गोळी झाडली होती, त्यांनीच गोल रिंगणात उभं राहून जाब विचारला. कट्टरतेला प्रतिबंध म्हणतात तो हाच.

इथे एक गोष्ट ठणकावून सांगायला हवी. प्रश्न विचारणारं पोर आणि बंदूक धरणारं पोर यांत जो समाज फरक करत नाही, तो बंदुकीचंच काम सोपं करतो. गडचिरोलीतल्या सूरजागडच्या लोहखाणीबद्दल ग्रामसभेत शंका काढणारा मुलगा नक्षल समर्थक ठरत नाही, आणि त्या खाणीत नोकरी करणारा मुलगा गद्दार ठरत नाही. दोघेही आपल्या गावाच्या भविष्याबद्दल बोलत आहेत. त्यांना एका सतरंजीवर बसवून बोलू देणं, हेच हिंसेविरुद्धचं सर्वांत मोठं काम. शांततेत विरोध करण्याचा रस्ता आपण बंद केला, तर उरलेल्या रस्त्यावर कोण उभा असतो, ते गडचिरोलीने चार दशकं पाहिलं आहे.

महाविद्यालयांतही आपण तेच केलं. विद्यार्थी निवडणुकांतल्या हिंसेचं कारण सांगून १९९० च्या दशकात त्या थेट निवडणुकाच थांबवल्या. २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात तरतूद आली, तरी त्या पुढे पुढे ढकलल्या गेल्या. मत मागावं कसं, हरावं कसं, विरोधकाशी हात मिळवावा कसा, हे विसाव्या वर्षी शिकवलं नाही, तर माणूस ते शिकणार कधी?

तेव्हा सरपंचांनो, गायता-पाटलांनो, ग्रामसभेच्या वडीलधाऱ्यांनो, येत्या ग्रामसभेत ठराव करा. प्रत्येक समितीत तिशीच्या आतल्या तिघांना घ्या, त्यांतली एक तरी मुलगी असू द्या. त्यांच्याकडून सतरंज्या उचलून घेऊ नका. हिशेबाची वही त्यांच्या हाती द्या, तेंदूच्या कराराच्या बैठकीला त्यांना सोबत न्या, बँकेच्या खात्यावर त्यांची सही असू द्या. त्यांच्याकडून चुका होतील. झालेली चूक ग्रामसभेत दुरुस्त करता येते. जंगलात गेलेलं पोर परत आणता येईलच असं नाही.

प्राचार्यांनो, शिक्षकांनो, वर्गात राजकारण नको म्हणून विषय टाळू नका. जात, धर्म, जमीन, आरक्षण, खाण, सीमा, सगळं वर्गात बोलू द्या. जे तुमच्यासमोर बोललं जाणार नाही, ते मध्यरात्री फोनवर एखादा अनोळखी माणूस बोलेल.

राज्यकर्त्यांनो, पोलीस अधिकाऱ्यांनो, शांतता समित्यांत वर्षानुवर्षं तेच चेहरे दिसतात. तिथे विद्यार्थी आणा, बेरोजगार पोरं आणा. शरण आलेल्यांना घर आणि नोकरी देता, त्यासोबत त्यांची सुरक्षितता जपा आणि ज्यांची तयारी असेल त्यांचं म्हणणं शाळा-महाविद्यालयांपर्यंत पोहोचू द्या. जंगलात काय मिळालं आणि काय गेलं, हे त्यांच्याइतकं खरं कुणी सांगणार नाही. गोंडी-माडिया बोलणारा तरुण कचेरीच्या टेबलापलीकडे बसलेला दिसू द्या.

आणि तरुण मित्रांनो, मैत्रिणींनो, शेवटचं तुम्हाला. कुणी जागा देईल म्हणून वाट पाहू नका. ग्रामसभेची तारीख विचारा आणि जा. पहिल्या वेळी कुणी ऐकणार नाही. दुसऱ्या वेळी कायद्याचं पुस्तक घेऊन जा, तिसऱ्या वेळी दहा जण मिळून जा. द्वेषाचा मेसेज तुमच्या फोनवर आला की तो तुमच्यापाशीच थांबवा, आणि ज्याने पाठवला त्याला फोन करून बोला. दुरावलेल्या मित्राला सोडू नका; त्याला परत आणण्याची ताकद इतर कुणापेक्षा तुमच्यात जास्त आहे. तुमचा राग खरा आहे. गार्डने बापाचा केलेला अपमान खरा, नाकारलेली नोकरी खरी, जातीवरून मारलेला टोमणा खरा. तो राग कुणाच्या स्वाधीन करू नका. जो कुणी तुम्हाला सांगेल की तुझ्या दुःखाचा उपाय दुसऱ्याचं रक्त आहे, त्याला एकच विचारा: तुमची स्वतःची मुलं कुठे आहेत?

शस्त्रं जमा झाली आहेत. गडचिरोलीतली पुढची चाळीस वर्षं कुणाची, हे आता ठरायचं आहे, आणि ते जंगलात ठरणार नाही, मंत्रालयातही ठरणार नाही. ते ठरेल तुमच्या गावच्या ग्रामसभेत, तुमच्या महाविद्यालयाच्या वर्गात, तुमच्या वस्तीच्या कट्ट्यावर. तिथे तुमची गरज आहे. उठा, आणि आजच जा.